पुठ्ठ्याचा बंधारा आणि बझर: राजारामपुरीतील एका सुट्टीवर्गाचे परीक्षण

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका निवृत्त शिल्पनिदेशकांच्या घराच्या तळमजल्यावर उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत नऊ ते तेरा वर्षे वयाच्या मुलांसाठी विद्युत परिपथांचा वर्ग चालतो. सर आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम शिकवत असत आणि त्यांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या; मुले त्यांना बाई म्हणतात. वर्गाला फलक नाही, जाहिरात नाही, आणि जागा मोजक्या असल्यामुळे जाहिरात होऊ नये अशी दोघांची इच्छा असल्याने त्यांचे नाव व पत्ता येथे दिलेला नाही. माझी मुलगी उन्हाळी तुकडीत होती. पालकांना मागे बसून पाहण्याची तेथे मुभा आहे आणि मी ती पुरेपूर वापरली. माझे मत आधीच सांगून टाकतो: या वर्गात मुले सर्वाधिक शिकतात ती त्यांनी बनवलेली चालती प्रतिकृती बंद पडल्यावर, आणि शिकवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असल्यामुळे वर्ग चांगला आहे. ज्या थोड्या ठिकाणी प्रतिकृती बंद पडण्याची सोयच ठेवलेली नाही, त्या ठिकाणी तो उणा पडतो.

सुरुवातीला प्रत्येक मुलाच्या हाती तीनच वस्तू पडतात: १.५ व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा २.५ व्होल्टचा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि वीतभर वायर. होल्डर नाही, क्लिप नाही, सूचनाही एवढीच की दिवा लागला पाहिजे. बहुतेक मुले वायरीचे एक टोक सेलच्या टोपीला आणि दुसरे बल्बच्या बुडाला टेकवून वाट पाहत बसतात, कारण वीज सेलमधून निघून बल्बपर्यंत पोहोचली की काम झाले अशी त्यांची समजूत असते. घरातल्या प्रत्येक उपकरणाला एकच केबल जाताना दिसते आणि तिच्या आत किमान दोन तारा असतात हे दिसत नाही, तेव्हा या समजुतीबद्दल मुलांना दोष देता येणार नाही. सर काही सांगत नाहीत. बल्ब भिंगाखाली धरून पाहायला लावतात. बुडाचा ठिपका ही एक जागा, बाजूचे आटे ही दुसरी, आणि त्या दोन जागांना जोडणारी बारीक तार काचेच्या आत, हे एकदा डोळ्यांनी दिसले की कोणीतरी बल्बचे बूड थेट सेलच्या टोपीवर ठेवते, सेलच्या तळापासून वायर आट्यांपर्यंत आणते आणि दिवा लागतो. दीड व्होल्टवर तो मंदच लागतो, पण वर्गात त्यावर जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो.

एलईडीच्या काळात हा बल्ब कशासाठी, असा प्रश्न एका पालकांनी विचारला होता. कारण साधे आहे. बल्बमधून प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी तो लागतो आणि त्याच्या आतली वाट दिसते. एलईडी एकाच दिशेने चालतो आणि त्याच्या आतले काहीच दिसत नाही. वाट बंद झाली पाहिजे हा पहिला धडा आणि दिशा बरोबर असली पाहिजे हा दुसरा, असे दोन धडे एकाच वेळी दिले तर दिवा न लागण्याचे कारण मुलाला कळत नाही. हे बल्ब आता सर्वत्र मिळत नाहीत आणि सरांनी जुन्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांमधून त्यांचा साठा करून ठेवला आहे. ही काटेकोर निवड मला वर्गाची पहिली जमेची बाजू वाटली.

दुसरी बाजू बाईंची. कळ दाबण्यापूर्वी काय होईल ते प्रत्येक मुलाने मोठ्याने सांगितले पाहिजे असा त्यांचा नियम आहे आणि "आधी सांग, मग लाव" हे त्यांचे वाक्य वर्गभर ऐकू येत असते. या नियमाचा खरा उपयोग दिसला तो प्रवाह "संपतो" की नाही या प्रश्नावर. बल्ब थोडी वीज खातो आणि उरलेली परत पाठवतो, असे जवळजवळ सगळ्या मुलांनी सांगितले. मागच्या रांगेतल्या काही पालकांनीही माना डोलावल्या. मग सरांनी प्रवाह मोजणारा मल्टिमीटर प्रथम बल्बच्या अलीकडे आणि नंतर पलीकडे जोडला. दोन्ही वेळा आकडा तोच. खर्च होते ती ऊर्जा, प्रवाह वाटेत कुठेही कमी होत नाही, हे पटवण्यासाठी त्यांनी सायकल उलटी करून पायडल फिरवले: साखळीची प्रत्येक कडी एकाच वेगाने पुढे सरकते, मागच्या चाकाशी कोणतीही कडी संपत नाही, तरीही पायाचे काम चाकापर्यंत पोहोचते. कळ दाबताच दिवा का लागतो, हेही त्यातच उलगडते. तारेतले इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा पुढे सरकत नाहीत, पण साखळीप्रमाणे सगळीकडे एकदमच सरकू लागतात. आठवीच्या सामान्य विज्ञानात धाराविद्युत आणि चुंबकत्व हा पाठ येतो, तेव्हा प्रवाहाविषयीची ही चुकीची समजूत बहुतेकांच्या मनात घट्ट बसलेली असते. दहाव्या वर्षी ती निघाली तर पुढचे पुष्कळ कष्ट वाचतात.

साहित्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण ते या गावाचे आहे. पुठ्ठा, ॲल्युमिनियमची फॉइल, टाचण्या, कागदी क्लिपा, सेफ्टी पिना आणि थर्माकोल यांत नवे काही नाही; टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याची वाट अरविंद गुप्तांमुळे महाराष्ट्राला चांगलीच परिचित आहे. येथे त्यात भर पडते ती शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीची. मोटार रिवायंडिंगच्या दुकानांतून उरलेली तांब्याची वार्निशची तार, लेथखाली पडलेल्या लोखंडी सळ्यांचे तुकडे, जुन्या बेअरिंगांच्या गोळ्या असा माल सर पिशवीभर घेऊन येतात, आणि ज्या मुलांच्या घरी कारखाना आहे ती स्वतःही आणतात. वार्निशची तार हा मुद्दाम लावलेला सापळा असतो. ती दिसायला उघड्या तांब्यासारखी, चकचकीत. मुले ती थेट सेलला जोडतात आणि दिवा लागत नाही. तारेवर इन्सुलेशनचा पातळ थर आहे आणि तो पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय जोड लागत नाही, हे सर सांगत नाहीत. ते मुलांनाच हुडकून काढावे लागते.

हुडकण्याची रीत मात्र ते नीट शिकवतात, आणि माझ्या मते वर्गाचे शुल्क या एका गोष्टीसाठीही देण्यासारखे आहे. प्रत्येक मूल सुरुवातीच्याच दिवसांत एक तपासणी दिवा बनवते: दोन सेल, बल्ब आणि दोन लांब वायरी, ज्यांची टोके मोकळी ठेवलेली असतात. या टोकांच्या मध्ये जे धरावे ते वाहक असेल तर दिवा लागतो. प्रतिकृती बंद पडली की आधी तिचा सेल काढायचा, मग निम्म्या वाटेवर तपासणी दिवा लावायचा. लागला तर तो भाग शाबूत, दोष दुसऱ्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचा निम्मा. दोष सापडतात ते असे असतात: वायर सोलताना आतल्या तारा कापल्या गेलेल्या, पीळ सैल राहिलेला, होल्डरमध्ये एक सेल उलटा बसलेला, आणि सर्वांत जास्त वेळा, फॉइल व वायर यांच्यामध्ये फेव्हिकॉल पसरलेला. हा शेवटचा दोष मला स्वतःला सुचला नसता. फेव्हिकॉल वाळून पारदर्शक होतो, जोड बाहेरून अगदी पक्का दिसतो आणि वीज मात्र त्यातून जात नाही. माझी मुलगी अशा एका जोडापाशी बराच वेळ अडली होती. मी पुढे सरकू लागलो तेव्हा सरांनी मला हाताने थांबवले आणि तिला म्हणाले, "कुठं तुटलंय ते हुडक की, दिसतंय तेवढ्यावर जाऊ नगंस." तिने तो जोड खरवडून काढला, फॉइल आणि वायर टाचणीने एकत्र टोचली आणि दिवा लागला.

पहिली मोठी प्रतिकृती दोन खोल्यांच्या घराची. दोन बल्ब प्रथम एकसर, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग, जोडायचे: दोन सेलच्या तीन व्होल्टची दोघांत वाटणी होऊन दोन्ही मंद लागतात आणि एक काढला की दुसराही विझतो. मग समांतर, म्हणजे प्रत्येकाला सेलपासून स्वतंत्र वाट देऊन, जोडायचे: दोन्ही लख्ख, एक काढला तरी दुसरा चालू, पण सेलवर भार दुप्पट. घरातले दिवे-पंखे समांतर का जोडलेले असतात हे येथे एका वाक्यात कळते. गणपतीत लावायच्या जुन्या लायटिंगच्या माळेचे उदाहरण सरांनी आणले ते विशेष जमले, कारण त्या माळेत २३० व्होल्ट अनेक बारीक बल्बांत वाटले जावेत म्हणून बल्ब एकसर असत, आणि एक बल्ब गेला की अख्खी ओळ अंधारात जाई. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या मंडळांच्या तांत्रिक देखाव्यांमागे रात्र-रात्र बसून तो एक बल्ब शोधणाऱ्या पोरांपैकी काही सरांचेच जुने विद्यार्थी असल्याचे ते अभिमानाने सांगतात.

याच घरात पुढे एलईडी बसवतात आणि तिथे एक सुंदर घोटाळा वाट पाहत असतो. स्वयंपाकघरात पांढरा एलईडी, देवघरात लाल, आणि दोन्हींच्या आधी मिळून एकच रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा रोधक) अशी जोडणी बहुतेक मुले करतात. पांढरा एकटा छान लागतो. देवघराची कळ दाबली की लाल लागतो आणि स्वयंपाकघर अंधारते. लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला सुमारे तीन लागतात; दोघे एकाच जोडीच्या तारांवर आले की लाल तो दाब दोनच्या आसपास धरून ठेवतो आणि पांढऱ्याच्या वाट्याला पुरेसे उरत नाही. उपाय असा की प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्यावा. तीन सेलच्या ४.५ व्होल्टवर लालसाठी साधारण १५० ओहम, पांढऱ्यासाठी १०० ओहम चालतात, आणि ही आकडेमोड मोठी मुले वजाबाकी-भागाकाराने स्वतः करतात. दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते सांगणारा ओहमचा नियम पाठ करून घेण्याआधी त्याची गरज निर्माण करण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मी पाहिलेला नाही.

वर्गाचा कळस म्हणजे पूर-इशारा. कोल्हापूरच्या मुलाला पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारावी लागत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की घराघरांत आकडे सुरू होतात, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे लहान मुलेही जाणतात. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५० फुटांच्या पुष्कळ वर गेले ते या तुकडीतल्या काही मुलांच्या घरांनी सोसलेले आहे. तेव्हा प्रतिकृतीचा विषय उगाच घेतलेला नाही. एका खोल बादलीत प्लास्टिक शीट लावलेला पुठ्ठ्याचा बंधारा उभा करायचा, त्यावर एका फुटाला अर्धा सेंटिमीटर या प्रमाणात मोजपट्टी रंगवायची, आणि पाणी ओतत गेल्यावर ३९ला पिवळा एलईडी व ४३ला लाल एलईडीसह बझर सुरू झाला पाहिजे. या प्रमाणात दोन खुणांमध्ये अंतर राहते अवघे दोन सेंटिमीटर. ढिसाळ काम येथे लगेच उघडे पडते.

मुलांचा पहिला विचार ठरलेला असतो: पाण्यातून वीज जाते, म्हणून दोन उघड्या तारा खुणेपाशी ठेवल्या की पाणी आले की परिपथ पुरा. करून पाहिल्यावर एलईडी जेमतेम मिणमिणतो आणि बझर मुका राहतो. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार थोडे असतात, त्यामुळे प्रवाह जातो तो अगदीच किरकोळ. एका मुलाने मीठ टाकायची युक्ती काढली, आवाज आला, पण तारांच्या टोकांवर बुडबुडे येऊ लागले, धन बाजूची तार थोड्याच वेळात काळी-हिरवी पडली, आणि दुसऱ्या मुलाने विचारले, "पंचगंगेत मीठ कोण टाकणार?" हा प्रश्न वर्गाला त्या दिवशीच्या दोन वाटांवर घेऊन गेला.

लहान मुलांनी तरंगता खटका केला. जाड स्ट्रॉच्या नळीत वर-खाली सरकणारी काडी, तिच्या खालच्या टोकाला थर्माकोलचा तुकडा आणि वरच्या टोकाला फॉइल. पाणी चढले की काडी वर जाते आणि फॉइल दोन टाचण्यांना जोडते. पाणी येथे विजेच्या वाटेत येतच नाही, ते फक्त ढकलण्याचे काम करते. मोठ्या मुलांना बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर दिला: पाण्यातून येणारा किरकोळ प्रवाह त्याच्या बेस या पायाला मिळाला की कलेक्टर या दुसऱ्या पायातून त्याच्या शंभराहून अधिक पट प्रवाह वाहू शकतो आणि बझर खणखणीत वाजतो. दुसरी जोडणी अधिक रुबाबदार दिसते आणि पालकांचे लक्षही तिकडेच होते. माझी पसंती मात्र तरंगत्या खटक्याला आहे. ट्रान्झिस्टरचे तीन पाय कुठे लावायचे हे मुलांनी आकृती पाहून लावले, आत काय घडते ते त्यांच्या लेखी झाकलेलेच राहिले. एक पाय चुकला तर त्यांना कारण शोधता येईना आणि सरांना स्वतः हात घालावा लागला. खटका अडला तर मुलांना तो दिसतो. काडी नळीला घासते, फॉइल तिरकी बसते, थर्माकोल बादलीच्या कडेला चिकटतो. प्रत्येक दोष बोट ठेवून दाखवता येतो आणि काढताही येतो.

या प्रतिकृतीवरची चर्चा मी मुद्दाम नोंदवतो. सगळे नीट वाजू लागल्यावर एका मुलीने विचारले की पुरात वायरच तुटली तर पाणी येऊनही बझर वाजणार नाही, मग कळणार कसे? सर क्षणभर थांबले आणि त्यांनी आखलेला पुढचा कार्यक्रम बाजूला ठेवला. मग वर्गाने मिळून उलटी जोडणी तयार केली: हिरवा दिवा सतत लागलेला, पाणी चढले की काडी जोड उघडते आणि दिवा विझतो, वायर तुटली तरी तो विझतोच. म्हणजे दिवा लागलेला असणे हीच खुशाली. ही रचना धोक्याच्या आणि चोरीच्या अलार्ममध्ये प्रत्यक्ष वापरली जाते. तिची किंमतही लगेच पुढे आली, कारण दहा मिलिअँपिअर घेणारा दिवा अहोरात्र ठेवला तर साधे सेल काही दिवसांत संपतात, आणि संपलेला सेलही खोटाच इशारा देतो. खोटा इशारा परवडतो की चुकलेला इशारा, यावर मुलांत झालेला वाद बाईंनी पूर्ण होऊ दिला. दहा-बारा वर्षांची मुले असा वाद घालू शकतात याची मला कल्पना नव्हती.

मोटारीचा दिवस चांगला होता, त्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि वार्निशच्या तारेचे वेटोळे. वेटोळ्याच्या एका टोकाचे वार्निश पूर्ण आणि दुसऱ्याचे अर्ध्याच बाजूने खरवडायचे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळे फिरण्याऐवजी डोलत राहते, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा जोर उलट दिशेने लागतो. अर्धे वार्निश त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तोडून ठेवते. बहुतेकांचे वेटोळे आधी डोलले आणि मग फिरले. क्रम योग्यच होता.

फसलेला दिवस दाभोळकर कॉर्नर या चौकातल्या वाहतूक सिग्नलचा. प्रतिकृती दिसायला आकर्षक होती, चौक, झेब्रा पट्टे, पुठ्ठ्याची केएमटीची शहर बससुद्धा. पण दिवे आळीपाळीने लागण्यासाठी बाजारातून आणलेली तयार चकती वापरली होती, जिच्यावर काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली सगळा परिपथ दडलेला असतो. मुलांनी एलईडी खोचले, चकती चिकटवली, सेल घातला आणि सिग्नल सुरू झाला. कोणाचाच बंद पडला नाही, म्हणून कोणालाच काही शोधावे लागले नाही, आणि घरी आल्यावर सिग्नल कसा चालतो असे विचारले तर मुलीने चकतीकडे बोट दाखवले. हीच प्रतिकृती पुठ्ठ्याच्या फिरत्या तबकडीवर फॉइलचे तीन कंस चिकटवून करता आली असती: तबकडी हाताने फिरवली की कंस पाळीपाळीने तीन टाचण्यांखालून जातात आणि लाल, हिरवा, पिवळा असे दिवे लागतात, कंसाची लांबी म्हणजे दिव्याची वेळ. मी हे बाईंजवळ बोललो. वेळ कमी होता, असे त्या म्हणाल्या. ते खरे असेल, पण मग सिग्नल गाळून मोटारीला अजून एक दिवस द्यावा.

सुरक्षिततेच्या बाबतीत वर्ग कडक आहे आणि तसाच असायला हवा. भिंतीतल्या प्लगला कोणीही काहीही लावायचे नाही, मोबाइलचा चार्जरसुद्धा वापरायचा नाही, हा नियम पहिल्या तासाला सांगून पुन्हा पुन्हा उगाळला जातो. जुन्या मोबाइलच्या लिथियम बॅटऱ्या आणण्यास मनाई आहे, कारण त्या शॉर्ट झाल्या तर पेट घेऊ शकतात. बटणासारखे चपटे सेल वर्गात नाहीतच. ते घरातल्या लहान भावंडाने गिळले तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, ही माहिती पालकांना वेगळी बोलावून दिली जाते, आणि ती दिली जाते याबद्दल मी दोघांचा आभारी आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी फक्त सरांच्या टेबलावर असते. शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते ते एका साध्या सेलवर दाखवतात: वायर गरम होते, सेल गरम होतो, दिवा विझतो. मुलांनी बोटाने ती ऊब अनुभवली, तेवढे पुरेसे झाले. माझी एकच सूचना अशी की डागाच्या सळईचे (सोल्डरिंगचे) काम मोठ्या मुलांना चष्मा घालूनच द्यावे. सर स्वतः शेजारी उभे होते, पण डोळ्यांवर काही नव्हते.

शेवटच्या दिवशीच्या प्रदर्शनाविषयी माझे मत वर्गातल्या इतर पालकांपेक्षा वेगळे आहे. आदल्या दिवशी सगळ्या प्रतिकृती रंगवल्या, मागून पुठ्ठ्याने बंद केल्या, कडांना सोनेरी पट्टी लावली. त्यातले पुष्कळ काम आयांनी आणि आज्यांनी केले हे लपण्यासारखे नव्हते. प्रदर्शनात पाहुण्यांना दिवे दिसले, वायरी दिसल्या नाहीत, आणि मुलांना विचारले गेलेले प्रश्नही रंगांचे होते. इतके दिवस जे उघडे ठेवून शिकवले ते नेमके दाखवायच्या दिवशी का झाकावे? मागची बाजू पारदर्शक प्लास्टिकची ठेवली तर खर्च फारसा वाढणार नाही. माझ्या मुलीचा बंधारा घरी आल्यावर थोड्याच दिवसांत गप्प झाला आणि दोष शोधण्यासाठी मागचा पुठ्ठा कापावा लागला, ही अडचण मी त्यामुळेच सांगतो. दोष तिनेच शोधला, तपासणी दिव्याने, टाचणीवर चढलेला गंज.

याला जोडूनच वहीचा मुद्दा येतो. परिपथाची आकृती, म्हणजे सेलची लांब व आखूड रेघ, कळीची उघडी दांडी, दिव्याचे वर्तुळ ही चिन्हे वर्गात फार उशिरा, जवळजवळ शेवटी येतात. तोपर्यंत मुलांनी केलेल्या जोडण्यांची कुठेच नोंद राहत नाही. हाताने आधी आणि कागदावर नंतर, या सरांच्या क्रमाशी मी सहमत आहे, पण "नंतर" म्हणजे त्याच दिवशी शेवटची काही मिनिटे असावे. बाईंचे "आधी सांग" जर वहीत उतरले, अंदाज एका बाजूला आणि घडलेले दुसऱ्या बाजूला, तर घरी नेलेल्या प्रतिकृतीबरोबर तिची कुंडलीही मुलाच्या हाती राहील.

दुकानांत आणि ऑनलाइन मिळणाऱ्या तयार संचांशी तुलना अनेकांनी विचारली आहे. खटक्याने एकमेकांत बसणाऱ्या तुकड्यांचे संच एकट्या खेळणाऱ्या मुलासाठी चांगले असतात, प्रवासात नेता येतात, आणि त्यांत काही हरवले नाही तर वर्षानुवर्षे चालतात. पण त्यांचे तुकडे बसले की बसले. सैल पीळ नाही, वार्निश नाही, फेव्हिकॉल नाही. पुस्तिकेतल्या चित्राबरहुकूम केले की दिवा लागणारच. ज्यांच्याजवळ असा संच आहे त्यांनी तो टाकून देण्याची गरज नाही, फक्त त्यातला एखादा जोड मुलाच्या नकळत कागदाचा कपटा घालून तोडून पाहावा.

वर्गाचे शुल्क साहित्यासह १,८०० रुपये आहे; सेल संपले तर नवे मिळतात आणि तयार प्रतिकृती मुलांच्याच राहतात. माझ्या मते दहा ते बारा हे वय सर्वांत योग्य. नऊ वर्षांच्या मुलांची बोटे वायर सोलताना थकतात आणि पूर-इशाऱ्याच्या दिवशी ती मागे पडली. तेराच्या मुलांना ट्रान्झिस्टर आवडतो, पण त्यासाठी एवढे दिवस पुरत नाहीत. सरांनी त्यांच्यासाठी वेगळी तुकडी काढली तर बरे होईल. शिकवणे पूर्ण मराठीतून आहे, पाठ्यपुस्तकातले आणि दुकानातले असे दोन्ही शब्द कानावर पडतात, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही अडचण आली नाही. येताना मुलाबरोबर जुनी पक्कड, पॉलिश पेपरचा तुकडा आणि झाकणाचा एक डबा द्यावा. बाकी सगळे तेथे मिळते. दिवाळीच्या तुकडीत घराऐवजी किल्ला असतो आणि त्यात मातीखालून दोन उघड्या तांब्याच्या तारा समांतर नेऊन बुरुजाबुरुजावर दिवे टांगतात. ओल्या मातीत हे जोड लवकर गंजतात असे सर सांगतात, म्हणून पन्हाळा करायचा बेत असेल तर माती आधी दोन दिवस वाळवून न्यावी. त्या तुकडीची नावनोंदणी दसऱ्यानंतर सुरू होते आणि जागा लगेच भरतात.